कन्याकुमारीजवळचा मुट्टमचा खडकाळ किनारा, आईबाबांना घेऊन जावं का?

ऑरेंज_सिटी_वाला

नमस्कार मंडळी. जानेवारीत कन्याकुमारीला जाऊन राहिलो आहोत, आईबाबा, बायको अन् सात वर्षांचं पोट्टं. बाबांना विवेकानंद शिला पाहायची आहे. एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, नागपुरात शिकले, लोकांकडून एकेक रुपया गोळा करून १९७० मध्ये ते स्मारक उभं करून दाखवलं, हे सगळं बाबा जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर, कुठेही सुरू करतात. तर ते होईलच, त्याची चिंता नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मला एक दिवस असा पाहिजे की जिथे शंखशिंपल्यांची दुकानं नाहीत, गॉगलवाला मागे लागत नाही, नुसता समुद्र अन् खडक. ऑफिसातल्या केरळच्या एका दोस्ताने मुट्टम सांगितलं, कन्याकुमारीहून तीस-पस्तीस किलोमीटर असेल म्हणे. फोटो पाहून डोकंच फिरलं ना, घराएवढे खडक, मधून पांढरं पाणी, वर दीपगृह. पण नेटवर वाचलं तं अर्धे लोक म्हणतात स्वर्ग आहे अन् अर्धे म्हणतात जाऊ नका डेंजर आहे.

तर जे कोणी गेले असाल त्यांनी सांगा, नागपूरहून ट्रेन कोणती बरी, बाबांचे गुडघे गेलेले आहेत तर त्यांना तिथे काही पाहता येईल की नुसतं गाडीत बसवून ठेवावं लागेल, पाण्यात उतरता येतं का (पोट्ट्याने आत्तापासून स्विमिंगचा चष्मा घेऊन ठेवला आहे), आणि आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तिच्या जेवणाचं काय. राहायचं कुठे तेही सांगा.

तर्री_पोहा

एवढ्या दूर कायले जाता भाऊ, आपल्या फुटाळा तलावावर पाणी आहे, दगडं आहेत, वरून भुट्टा पण भेटते.

अजनी_जंक्शन

ट्रेनचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

नागपूरहून थेट कन्याकुमारीला जायला तिरुक्कुरल अन् हिमसागर पाहा. तिरुक्कुरल निजामुद्दीनहून येते, आठवड्यातून दोनदा, चेन्नई-मदुराई-तिरुनेलवेली करत खाली जाते. हिमसागर कटऱ्याहून येते, आठवड्यातून एकदाच, ती केरळातून फिरून जाते अन् सगळ्यांची विचारपूस करत जाते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी तरी नाही बसणार. रोजची पाहिजे असेल तर केरळ एक्सप्रेस, पण ती तिरुवनंतपुरमलाच संपते, तिथपर्यंत साधारण दीड दिवस धरा. पुढे नागरकोईल सत्तरेक किलोमीटर, ट्रेन अन् बस दोन्ही भेटतात.

मी असतो तर तिरुक्कुरल घेतली असती, अन् परत येताना केरळ एक्सप्रेस, म्हणजे जाताना तामिळनाडू अन् येताना केरळ खिडकीतून फुकटात.

आता महत्त्वाचं. जानेवारीत नेमकं कधी? नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरज्योतीपर्यंत, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास, शबरीमलाचा सीझन असतो. तिकडच्या सगळ्या गाड्या काळ्या कपड्यातल्या अय्यप्पा भक्तांनी भरून जातात अन् दर्शन करून त्यातले पुष्कळ जण कन्याकुमारीलाच येतात. ते संपत नाही तोच पोंगलच्या सुट्ट्या. तुम्ही २० तारखेच्या पुढचं पाहा. बुकिंग ६० दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळी मोबाईल हातात घेऊन बसा, नागपूर मधलं स्टेशन आहे, इथल्या कोट्याच्या सीटा पाहता पाहता जातात.

पवनचक्कीवाला

मी आरल्वायमोळीच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्सला होतो काही वर्षं, खोली नागरकोईलला, त्यामुळे मुट्टमला सुट्टीच्या दिवशी नेहमीचं जाणं. लांब लिहून राहिलो, कंटाळा आला तर खाली सरका.

पहिलं म्हणजे मुट्टम हा 'बीच' आहे असं डोक्यात धरून जाऊ नका. ते कोळ्यांचं गाव आहे. मोठं चर्च, अरुंद गल्ल्या, कडेला वाळत घातलेले बारीक मासे, त्यांच्यावर टपून बसलेले कावळे, अन् त्यांना हाकलायला एक म्हातारी काठी घेऊन बसलेली. कोणी निळ्या नायलॉनच्या जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून फाटकी जागा विणत बसलेला असतो, तुमच्याकडे वर मान करूनही पाहणार नाही. मला तर तेच आवडायचं, कोणी तुम्हाला काही विकायला येत नाही. गावात हाफ पँटवर ओरडत फिरू नका अन् बायकांचे फोटो न विचारता काढू नका, एवढं सांभाळलं की झालं.

गावातून रस्ता दीपगृहाच्या टेकडीकडे चढतो. गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, म्हणजे बाबांचं काम झालं. त्यांना वर खुर्ची टाकून द्या (फोल्डिंग खुर्ची नागरकोईलला भेटते, घेऊनच जा, परत आणायची नसेल तर चहावाल्याला देऊन या), खरं मुट्टम वरूनच दिसतं. डावीउजवीकडे लालसर-काळे खडक समुद्रात शिरलेले, मधेमधे वाळूचे छोटे तुकडे, अन् पाण्याचा रंग जवळ हिरवा, लांब निळा. दीपगृहात संध्याकाळी थोडा वेळ आत सोडतात, वेळ बदलत राहते म्हणून तिथे विचारा. गोल जिना आहे, तो मात्र बाबांनी सोडून द्यायचा.

खाली दोन खडकांच्या मध्ये एक फट आहे, तिच्यासमोर बसायला मला आवडायचं. लाट आत शिरली की आधी धप् असा कोंडलेल्या हवेचा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, अन् मग पाणी सरळ वर उडतं. पडलेलं पाणी खडकावरून ओघळत परत जातं अन् त्या ओघळांतून काळे खेकडे तिरपे पळत राहतात. आमच्यातला एक जण मोबाईल काढून मोजत बसायचा की दोन उडण्यांमध्ये किती सेकंद जातात, त्याला म्हटलं अबे सुट्टीवर आहेस, टर्बाइन नाही हे.

वेळ: सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. जानेवारी असला तरी दुपारी तिशीच्या वर जातं अन् हवेत दमट चिकचिक, नागपूरची थंडी अंगावर घेऊन निघाल तर विजयवाड्यालाच स्वेटर काढून पिशवीत टाकाल. दुपारी खडक एवढे तापतात की अनवाणी पाय टेकत नाही. संध्याकाळ बेस्ट, कारण किनारा नैऋत्येकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात सूर्य बरोबर समोर पाण्यात बुडतो.

आईंचं जेवण: मुट्टम गावात शाकाहारी शोधायच्या भानगडीत पडू नका, मासे अन् टॅपिओका हेच तिथलं जेवण (तुम्ही खात असाल तर सोडू नका, सावजीसारखं तिखट नाही पण नारळ वाटून केलेलं कालवण, बोटं चाटाल). आईंना नागरकोईलला केळीच्या पानावरचं 'मील्स' खाऊ घाला, सांबार, रसम, अवियल, दोन भाज्या, पापड, वाढतच राहतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, तिकडे पुष्कळ ठिकाणी खोबरेल तेलात करतात, आमच्या आईने पहिला घास घेऊन विचारलं होतं हे डोक्याला लावायचं तेल भाजीत काहून टाकलं. मुट्टमला जाताना पिशवीत मट्टी केळी घ्या, बोटाएवढी, वासाची, कन्याकुमारी जिल्ह्याचीच, २०२३ मध्ये त्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) भेटला आहे. पोट्ट्याला लाल केळी दाखवा, घरी येऊन शाळेत सांगत बसेल.

राहायला: बाबांची आवड पाहता कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राचा विवेकानंदपुरम् परिसर आहे, साधं, स्वच्छ, मोठाली झाडं, शाकाहारी जेवण, आपल्याकडची पुष्कळ मंडळी तिथेच उतरतात. आधी बुक करा. नाहीतर नागरकोईलला हॉटेल, तिथून मुट्टम वीस किलोमीटरच्या आतच.

पाण्यात उतरायचं का? नाही. याच्यावर दुसरं कोणी लिहील, मी एवढंच सांगतो की तिथले कोळी स्वतः त्या खडकांवरून पाण्यात उतरत नाहीत.

ऑरेंज_सिटी_वाला

@पवनचक्कीवाला दादा काय लिहिलं आहे, प्रिंट काढून बाबांना दिली. खोबरेल तेलावर आई आत्ताच नाराज आहे.

पण एक समजलं नाही, जानेवारीत पावसाळा नाही, वादळ नाही, समुद्र शांत असतो म्हणतात, मग गुडघाभर पाण्यात उभं राहायला काय होतं? खडकांच्या मध्ये जे वाळूचे तुकडे आहेत म्हणता तिथे तरी? आम्ही काही पोहत आत जाणार नाही.

मालवणची_नागपुरात

मी माहेरची मालवणकडची, लग्न होऊन इकडे आले, आणि दरवर्षी ओळखीतले कोणी ना कोणी "गुडघाभर पाण्यात काय होतं" विचारतातच, म्हणून आज सविस्तर लिहिते.

वाळूचा सपाट किनारा असतो तिथे लाट आली की लांब पसरते, जोर संपतो, मग तुमच्या पायाशी येते. खडकाळ किनाऱ्यावर तिला पसरायला जागाच नाही. सगळा जोर एका जागी आदळतो आणि तेवढंच पाणी तेवढ्याच जोराने खडकांच्या फटीतून परत खेचलं जातं. त्यात गुडघाभर पाणी म्हणजे आत्ता गुडघाभर, पुढच्या लाटेला छातीभर. मोठा माणूस आडवा पडला की उभं राहायच्या आत दुसरी येते, आणि पडता तुम्ही वाळूवर नाही, कालवं चिकटलेल्या दगडावर. कालवाची कड ब्लेडसारखी असते, तळपाय, कोपर, सगळं कापून काढते.

दुसरं, "ओहोटीला जाऊ" हा जो हिशोब आपल्याकडे कोकणात चालतो तो तिकडे चालत नाही. मुंबईला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, तिकडे दक्षिण टोकाला मीटरभरही पडत नाही. म्हणजे ओहोटी लागली म्हणून खडक मोकळे झाले, आता दोन-तीन तास निर्धास्त, असं तिथे होत नाही. पाणी कायम तिथेच, खडकाच्या कडेला.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. समुद्र शांत दिसण्याचा आणि असण्याचा तिथे संबंध नाही. दक्षिण हिंदी महासागरात, पार खाली, अंटार्क्टिकाच्या बाजूला, वादळं होतात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्याला लागतात. इथे वारा नाही, आकाश निळं, हवामान एकदम छान, आणि अचानक पाणी चढतं. तिकडे याला कल्लक्कडल म्हणतात. एप्रिल-मेमध्ये जास्त होतं, पण बाकीच्या महिन्यांत होतच नाही असं नाही. ६ मे २०२४ ला मुट्टमपासून जवळच, गणपतिपुरमच्या लेमुर बीचवर, मेडिकलचे ५ विद्यार्थी बुडून गेले. लग्नाला आले होते बिचारे, डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावरची मुलं. इशारा आधीच दिलेला होता.

पवनचक्कीवाल्यांचा तो सेकंद मोजणारा मित्र आहे ना, तो नकळत बरोबर काम करत होता. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा सहा-आठ सेकंदांनी येतात. लांबून आलेल्या लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंदांचं अंतर असतं. मधल्या वेळात समुद्र अगदी गप्प वाटतो आणि माणूस दोन पावलं खाली जातो. अंतर जास्त दिसलं तर तिथूनच मागे फिरायचं, फोटो राहू दे.

हैदराबादला इन्कॉइस म्हणून भारत सरकारची संस्था आहे, समुद्राचे अंदाज आणि इशारे तीच देते. निघायच्या आदल्या रात्री तिच्या साइटवर कन्याकुमारी जिल्हा पाहा, दोन मिनिटांचं काम. आणि सकाळी गावात एखाद्या कोळ्याला विचारा, होड्या आत ओढून ठेवल्या असतील तर न विचारताच समजून जा.

खडकावर उभं राहायचं असेल तर आधी पंधरावीस मिनिटं नुसतं पाहा. जिथपर्यंत खडक ओला, काळा आणि हिरवट दिसतो तिथपर्यंत लाट येऊन गेलेली आहे, त्याच्या वरच राहायचं, कोरड्या खडकावर. समुद्राकडे पाठ करून सेल्फी नाही. मुलाचा हात सोडायचा नाही, चष्मा घातला असला तरी. आणि कोणी पडलंच तर मागे उडी मारू नका, एकाचे दोन होतात. दोर, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगेल ते फेका, ११२ लावा आणि कोळ्यांना हाक मारा, होडी तेच काढतील.

ओरडल्यासारखं वाटलं तर वाटू दे.

तर्री_पोहा

ताई मी फुटाळ्यावर पण आता दोन पावलं मागे उभा राहीन.

ऑरेंज_सिटी_वाला

ताई, बायकोने वाचलं आणि पोट्ट्याचा चष्मा कपाटावर गेला. तो रडून राहिला आहे. त्याला कुठे पाण्यात खेळवता येईल असं काही आहे का त्या बाजूला?

सिव्हिल_लाइन्स_ची_पोट्टी

कोवळम. तसंही परतीला तिरुवनंतपुरमहूनच बसणार ना, मग एक दिवस तिथे. लाइफगार्ड असतात, झेंडे लावलेले असतात, लाल झेंडा असेल तिथे शिट्टी मारून बाहेर काढतात, कोणाचं ऐकत नाहीत. गर्दी आहे, महाग आहे, पण लेकरू खूश होईल.

बाय द वे मला मुट्टम एवढं काही भारी नाही वाटलं. आम्ही रविवारी संध्याकाळी गेलो होतो, आजूबाजूच्या गावातली सगळी पब्लिक तिथेच, चिप्सची पाकिटं खडकाच्या फटीत, कोणीतरी स्पीकर लावलेला. 'निर्जन' वगैरे डोक्यात घेऊन जाऊ नका. खडकच पाहायचे तर विशाखापट्टणमला जा ना, समता एक्सप्रेस नागपूरहून थेट आहे, तिथला यारडाचा किनारा पाहा.

पवनचक्कीवाला

रविवारी संध्याकाळी गेलं तर अंबाझरी पण तशीच दिसते ना जी. मंगळवार-बुधवार सकाळी सातला जा, तुम्ही, दोन बकऱ्या अन् समुद्र. कचऱ्याचं मात्र खरं आहे, फटीत अडकतो तो कोणीच काढत नाही, आपला आपण परत आणायचा.

विझाग चांगलंच आहे, पण बाबांना शिला पाहायची आहे ना, विझागला काय करतील ते.

दगडधोंडे

रिटायर्ड माणूस आहे, दगडांत आयुष्य गेलं, कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

तिथल्या खडकांना हात लावाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की आपल्या सेमिनरी हिल्सचा काळा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हा थंड होऊन झालेला. मुट्टमचे खडक त्याच्यापुढे आजोबा. चार्नोकाइट अन् खोंडालाइट म्हणतात त्यांना, जमिनीच्या पोटात वीस-पंचवीस किलोमीटर खोल, प्रचंड उष्णता अन् दाबाखाली भाजून निघालेले, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी भारत, श्रीलंका, मादागास्कर अन् अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते, म्हणून याच जातीचे खडक तुम्हाला श्रीलंकेत अन् मादागास्करमध्येही दिसतील. नीट जवळून पाहा, पट्टे पट्टे दिसतील अन् त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके, ते गार्नेट. लाटा तेच झिजवून काढतात म्हणून त्या किनाऱ्यावर वाळूत कुठे जांभळट-लाल तर कुठे काळ्या रेषा दिसतात. काळी ती इल्मेनाइट.

मुलाला एक चांगलं लोहचुंबक घेऊन द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूत फिरवायचं, काही काळे कण चिकटतात, मग पिशवी उलटी केली की गळून पडतात. चष्म्याचं दुःख विसरेल.

मुट्टमहून जवळच मणवाळकुरिची आहे, तिथे याच वाळूतून खनिजं काढायचा केंद्र सरकारचा कारखाना आहे. त्यात मोनाझाइट असतं, त्यात थोरियम. म्हणून वाळू बाटलीत भरून घरी आणू नका, मोनाझाइटवर अणुऊर्जा कायद्याचे निर्बंध आहेत.

ऑरेंज_सिटी_वाला

थांबा काका, थोरियम म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्ह ना? आता बायको म्हणून राहिली की जायचंच नाही 😐

दगडधोंडे

जा बिनधास्त. त्या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे हे खरं. पण अशाच वाळूच्या केरळातल्या करुनागप्पळ्ळी भागात हजारो लोकांचा कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, त्यात या किरणोत्सर्गामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. तिथे पिढ्यान् पिढ्या लोक राहतात. तुम्ही एक दुपार बसणार. सूनबाईंना सांगा, काळजी करायचीच तर मालवणच्या ताईंनी लिहिलं आहे त्याची करा.

मालवणची_नागपुरात

काका, धन्यवाद 🙏

खामल्याच्या_काकू

सगळे खडकच सांगून राहिले, आम्हा गुडघेवाल्यांचं मी सांगते. विवेकानंद शिलेवर बोटीने जावं लागतं, रांग मोठी असते, अन् लाटा जास्त असल्या की बोटी बंद ठेवतात, म्हणून तो कार्यक्रम पहिल्याच दिवशी ठेवा, राहिला तर दुसरा दिवस हाती असतो. तिथून तमिळ कवी तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत डिसेंबर २०२४ मध्ये काचेचा पूल झाला आहे, म्हणजे आता दोन्हींच्या मध्ये बोटीत परत चढउतर नाही. पायाखाली काच अन् तिच्याखाली समुद्र, आमचे हे डोळे मिटून माझा हात धरून गेले.

मुट्टमच्या दिवशीच पद्मनाभपुरमचा राजवाडा करा, वाटेत वळून जाता येतं. जुन्या त्रावणकोरच्या राजांचा, सगळा लाकडी. आहे तामिळनाडूत पण सांभाळतं केरळ सरकार, कारण हा भाग आधी त्रावणकोरकडे अन् मग १९५६ पर्यंत त्रावणकोर-कोचीन राज्यात होता. सोमवारी बंद असतो. आत चपला काढायला लावतात अन् जिने उभे अन् अरुंद, तुमच्या बाबांना खालचा भाग दाखवा, वर तुम्ही जाऊन या.

अन् हो, तामिळनाडूत साध्या टाउन बसला बायकांना तिकीटच नाही. आपल्याकडे एसटीत अर्धं आहे, तिकडे पूर्ण माफ. मी नागरकोईलहून मुद्दाम बसने फिरले, हे तिकीट काढत होते अन् मी त्यांच्याकडे पाहत होते.

पवनचक्कीवाला

काकूंनी राजवाडा सांगितला तर मी कोळच्चल सांगतो, मुट्टमहून किनाऱ्याने थोडं पुढे. १७४१ मध्ये त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने डचांना इथे हरवलं अन् त्यांचा डी लॅनॉय नावाचा अधिकारी पकडून त्यालाच आपल्या फौजेला कवायत शिकवायला ठेवून घेतलं. बाबांना गोष्ट सांगायला नवीन विषय होईल, एकनाथजींना जरा विश्रांती. त्सुनामीत २००४ मध्ये या गावाचं लय नुकसान झालं होतं. तिथे कोणी म्हातारा कोळी समुद्राबद्दल सांगायला लागला तर ऐकून घ्या, भाषा नाही समजली तरी. हिंदी तिकडे जवळपास नाहीच चालत, मोडकंतोडकं इंग्रजी अन् हातवारे.

ऑरेंज_सिटी_वाला

बरं, सगळ्यांचं वाचून असं ठरवलं. २२ जानेवारीच्या पुढे निघायचं, तिरुक्कुरलने थेट कन्याकुमारी. पहिल्या दिवशी शिला. मग मधल्या वारी सकाळी सातला मुट्टम, बाबा वर खुर्चीवर, आम्ही कोरड्या खडकापर्यंत, पोट्ट्याच्या हातात चुंबक. उन्ह चढलं की राजवाडा, जेवण नागरकोईलला, अन् संध्याकाळी परत दीपगृहावर सूर्यास्ताला. शेवटी एक दिवस कोवळम, लाइफगार्डसमोर. कपाटावरचा चष्मा त्या अटीवर खाली आला आहे.

आईने एकच विचारलं, राजवाडा अन् मुट्टम बसने जमते का, कारण तिला तिकीट लागत नाही.

पवनचक्कीवाला

जमते, नागरकोईलहून मुट्टमला बस आहे. पण ती गावात सोडते, वर टेकडीपर्यंत नाही, अन् बाबांना तेवढं चढायचं नाही. त्या दिवशी दिवसभराची टॅक्सी करा, ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा की दुपारी तीनला परत मुट्टमला यायचं आहे, नाहीतर तो राजवाड्यावरूनच "सर, फिनिश?" म्हणत कन्याकुमारीकडे गाडी वळवतो. आईंना बस पाहिजेच असेल तर कन्याकुमारी ते सुचिंद्रमचं देऊळ, रस्त्यावरच उतरवते.

अजनी_जंक्शन

परतीचं तिकीट पण त्याच हिशोबाने काढा, २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की केरळ एक्सप्रेस फुल्ल. अन् बाबांना लोअर बर्थ पाहिजे असेल तर सीनियर सिटिझनचा कोटा निवडून आईबाबा दोघांचंच वेगळं तिकीट काढा, पाचही जण एकाच तिकिटावर टाकले तर तो कोटा लागत नाही.

ऑरेंज_सिटी_वाला

हे माहीतच नव्हतं. वेगळं काढतो.